ओवीच्या दाखल्याची बजावणी

कुठल्यातरी परमुलखातल्या भामट्यांनी दवाखान्यांच्या कंप्युटरांवर हल्ला केला, तेव्हा बेळगावच्या आजूबाजूच्या गावांनी त्यांना शिव्यांची लाखोली वाहिली. अपवाद एकाच माणसाचा. उचगावचे भरमू आप्पा रोज सकाळी देवापुढं उदबत्ती लावताना त्या भामट्यांसाठीही हात जोडत. मोठ्यानं बोलून दाखवत नव्हते, पण जोडत.

कारण अगदी साधं होतं. आप्पांची लेक रचना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दिवाळीच्या सुमाराला तिला मुलगी झाली. नाव ओवी. जावई आदर्श मस्कतला तेलाच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन. तो रजा काढून आला, बारसं झालं, पोरीला एकदा छातीशी धरलं आणि दुसऱ्या दिवशी परत गेला. जाताना त्यानं सगळा क्रम समजावून सांगितला. जन्माचा दाखला आला की पासपोर्ट, पासपोर्ट झाला की व्हिसा, व्हिसा झाला की मायलेकी विमानात. कंपनी त्याला कुटुंबासाठी क्वार्टर देणार होती, पण डिसेंबर संपायच्या आत पोरीच्या दाखल्याची नक्कल तिथं पोचली तरच. नाहीतर क्वार्टर रांगेतल्या पुढच्या माणसाला, आणि आदर्शची पाळी पुन्हा दोन वर्षांनी.

सगळी मांडणी ऐकून मालुबाईंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, डोळ्याला पदर लावला. आप्पांनी मान डोलावली. त्यांच्या डोक्यात यातलं एवढंच शिरलं, की कागद आला की ओवी जाणार आणि कागद नाही तोवर ओवी उचगावात.

आता कागदाचं आणि आप्पांचं नातं जुनं. बेळगावच्या कोर्टात ते एकतीस वर्षं बेलीफ होते. समन्स असो, नोटीस असो, ज्याच्या नावाचा कागद त्याच्या हातात नेऊन द्यायचा, त्याची सही घ्यायची आणि झाला प्रकार अहवालात लिहायचा. कोर्टाच्या भाषेत याला बजावणी म्हणतात. ज्यांना कागद नको असतो ती माणसं कुठं कुठं लपतात याचं आप्पांइतकं ज्ञान त्या भागात दुसऱ्या कुणाला नसेल. गवताच्या गंजीत, कणगीत, सासूच्या खाटेखाली. कडोलीचा एक बहाद्दर तर साहित्य संमेलनाच्या मांडवात जाऊन बसला होता. आप्पा त्याच्या मागच्या खुर्चीवर बसले. अध्यक्षीय भाषण झालं, परिसंवाद झाला, कविसंमेलन सुरू झालं. सहावा कवी उभा राहताच त्या माणसानं मागं वळून आपणहून हात पुढं केला आणि म्हणाला, "द्या बाबा तो कागद, आन मला घरला जाऊ द्या."

आप्पा घरात नेहमी सांगत, "माणूस सात दिवस लपतोय. आठव्या दिवशी आपसूक दारात येतोय. म्या कुणाच्या मागं धावलो न्हाय, आठवा दिवस मोजला." रचना हे ऐकतच लहानाची मोठी झाली होती.

दवाखाना बेळगावात लष्करी कॅम्पाच्या बाजूला होता. तिथून घरी सोडताना जो फॉर्म भरायचा त्यावर मोबाइल नंबर आप्पांनी स्वतःचा घातला. जावई परदेशी, लेक बाळंतीण, मग धावपळ करणार कोण? त्या वेळी यात काहीही काळंबेरं नव्हतं. काळंबेरं पाच दिवसांनी आलं. सगळ्या दवाखान्यांच्या नोंदी ज्या कंपनीच्या मशीनवर ठेवलेल्या होत्या तिच्यावरच हल्ला झाला आणि जन्मनोंदणीच्या खिडकीवर कन्नडमधून पाटी लागली, 'सिस्टम बंद आहे, विचारू नये'. विचारू नये असं लिहिलं की लोकांना दुसरं काही विचारायला सुचतच नाही. खिडकीपुढं ही रांग. जवानांच्या बायका, खानापूरकडचे शेतकरी, पोरं काखेत घेतलेल्या आज्या. एकेकाच्या अंगाचा तिळपापड.

त्या रांगेत दर सोमवारी आप्पा उभे राहत आणि सगळ्यांची समजूत काढत. "धीर धरा की जरा. पोरगं जन्मलंय ते कुठं पळून चाललंय? शिष्टम आज न्हाय उद्या येतीया." एवढा समंजस म्हातारा खिडकीवरच्या प्रियदर्शनीनं आजवर पाहिला नव्हता. ती मूळची निपाणीची, वयानं रचनापेक्षाही लहान, आणि सिस्टम बंद पडल्यापासून जन्मलेल्या प्रत्येक पोराची नोंद दोनशे पानी वहीत हातानं लिहून तिची बोटं दुखायला लागली होती. आप्पांनी तिच्यासाठी शेतातली रताळी नेली. चांगली निवडून, माती झटकून, पिशवी भरून.

"आप्पा, हे कशाला?" ती म्हणाली. "सिस्टम आली की तुमचं लगेच करून देते."

"लगेच नगो गं बाई," आप्पा घाईघाईनं म्हणाले. "सावकाश कर. जिवाला त्रास करून घेऊ नगंस."

लवकर कामासाठी लोक काय काय आणून देतात हे तिला माहीत होतं. काम सावकाश व्हावं म्हणून रताळी आणणारा माणूस तिच्या पाहण्यात पहिलाच. तिनं त्याला भला माणूस समजून टाकलं, आणि इथंच आप्पांचं गणित चुकलं. पण ते पुढं कळलं.

नोव्हेंबर असा मजेत गेला. रोज सकाळी मालुबाई ओवीला तेल लावून न्हाऊ घालत, धुरी देत, आणि मग ते गाठोडं आप्पांच्या मांडीवर येई. कोवळ्या उन्हात अंगणात बसून आप्पा तिला कोर्टातल्या गोष्टी सांगत. ती त्यांचं डाव्या हाताचं बोट धरून झोपे. बोट तिच्या मुठीत असेपर्यंत आप्पा जागचे हलत नसत, मग चहा गार होवो की शेतावर कुणी खोळंबो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात उभं राहिलेल्या माणसाला आपल्या दारात असं बसून राहण्यात काय सुख आहे ते पासष्टाव्या वर्षी कळत होतं. ते सुख त्यांना सोडायचं नव्हतं, यात आडपडदा ठेवण्यासारखं काही नाही.

डिसेंबर लागला तसा व्याह्यांचा, मारुतीरावांचा, फोन आला. त्यांचं गाव निपाणीच्या पलीकडं, महाराष्ट्रात. स्कूटरमध्ये स्वस्त पेट्रोल भरायला मात्र ते निपाणीला येत आणि फोनही तिथूनच करत.

"भरमूअण्णा, तुमच्याकडचं लई दिवस बंद पडलंय. आमच्या हद्दीतले कंप्युटर चालू हाईत. पोरीला घिऊन या हिकडं. आमच्या घरात जन्मली म्हणून लिवून घिऊ. ग्रामसेवक घरचाच हाय, दोन दिसांत दाखला."

आप्पा फोनवरच ताठ झाले. "मारुतीराव, जन्म एका राज्यात आन नोंद दुसऱ्या राज्यात? ही सरकारची फसवणूक हाय. एकतीस वर्सं कोर्टाचं मीठ खाल्लंय म्या."

फोन ठेवल्यावर मालुबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "आन आपली म्हस म्हाराष्ट्रातल्या चंदगडच्या कागदावर हाय, ती कुटं जन्मली हुती?"

"म्हशीचं येगळं," आप्पा म्हणाले आणि पायात चपला सरकवून शेताकडं गेले. सीमेवर राहून एवढा कायदा पाळणारा माणूस आपल्या घरात कधीपासून आला, याचा मालुबाईंना बराच वेळ उलगडा होईना.

सोळा डिसेंबरला सकाळी आप्पांच्या खिशात फोन किणकिणला. मेसेज कन्नडमध्ये होता. कोर्टात जन्म गेलेल्या आप्पांना कन्नड अस्खलित वाचता येई. त्या दिवशी मात्र आपण निरक्षर असतो तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. दाखला तयार होता.

काहीतरी चूक असेल, अशी आशा धरून ते बेळगावला गेले. खिडकीशी प्रियदर्शनी हसतमुख बसली होती. तिनं शिक्का मारलेला कागद पुढं सरकवला. "शेकड्यानं नोंदी तुंबल्यात, आप्पा. पर सिस्टम आली तशी पयली तुमचीच घातली. रताळी लई गोड हुती."

आप्पांनी कागद घेतला. आभार मानायचे विसरून ते त्यावरचा शिक्का बोटानं पुसून बघू लागले. त्या पोरीला वाटलं, आनंदानं विश्वासच बसत नाहीये.

बसमध्ये बसून त्यांनी दाखला तीनदा वाचला. नाव ओवी, वडील आदर्श, आई रचना. कुठं एखादी चूक सापडली असती तर दुरुस्तीच्या नावानं महिना निघाला असता. चूक नव्हती. प्रियदर्शनीनं जीव ओतून काम केलं होतं.

घरी आल्यावर मालुबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"सर्वर डाऊन," आप्पा म्हणाले. हा शब्द ते खिडकीवरच शिकले होते.

पुढच्या सोप्यात खुंटीला आप्पांची कोर्टातली चामडी पिशवी टांगलेली असे. निवृत्तीनंतर तिला कुणी हात लावत नव्हतं. दाखला तिच्यात गेला. आप्पांनी मनाशी ठरवलं की हे लपवणं नव्हे, बजावणीला मुदत असते. किती मुदत, ते मात्र त्यांनी मनालाही सांगितलं नाही.

त्यानंतरचा आठवडा आप्पांना फार जड गेला. गावात भावकूचं ऑनलाइन सेंटर होतं. सातबारापासून रेशनपर्यंत सगळ्यांचे कागद तो काढून देई, आणि बाकीच्यांचे दाखले यायला लागल्यावर त्यानं आप्पांचा पिच्छाच पुरवला. "आप्पा, परशरामाच्या नातवाचा आला. तुमचा बघू काय? नंबर तेवढा सांगा." आप्पा म्हणत, नंबर घरी हाय. घरी आला की म्हणत, नंबर शेतावरच्या खोपीत ऱ्हायला. भावकू समोरून येताना दिसला की ते गल्ली बदलत. आदर्शचा फोन आला की त्यांना परसाकडं लागे. रात्री जेवताना रचना काही विचारील या धास्तीनं ते घास तोंडात ठेवूनच उठत. पण रचना काही विचारत नव्हती. पहिले तीन दिवस तिनं विचारलं, मग तेही थांबलं. आप्पांना त्याचं बरंच वाटलं. एकतीस वर्षांच्या अनुभवी बेलीफाला यात काहीच खटकू नये, म्हणजे बघा.

तेवीस तारखेला सकाळी भावकू पुन्हा आला. पुढच्या दारातून त्याचा आवाज ऐकू येताच आप्पा मागच्या दारानं निघाले आणि परसातल्या गवताच्या गंजीमागं जाऊन बसले. बसल्यावर लक्षात आलं, की एका शेतकऱ्याला आपण अगदी अशाच गंजीमागं पकडलं होतं. तेव्हा आपण त्याला हसलो होतो हेही आठवलं.

एवढ्यात रचना परसात आली. ओवीची दुपटी दोरीवर वाळत घालायची होती. फोन तिनं भिंतीला टेकवून उभा केला होता आणि त्यातून आदर्शचा आवाज येत होता. आप्पांना उठता येईना. उठावं तर दिसावं, बसावं तर ऐकावं.

"हे बघ," आदर्श म्हणत होता, "क्वार्टरच्या छताला कडी ठोकून घेतलीया. पाळण्याला. क्वार्टर अजून माझं न्हाय, पर वॉचमन केरळचा हाय, त्येलाबी ल्हान पोरगी हाय. त्येनं आत सोडलं."

"आन न्हाय मिळालं तर?"

"तर दुसऱ्याचं पोरगं झोपंल की त्या कडीला." तो हसला. मग थांबला. "रचना, मला बघून ती रडंल न्हवं?"

"रडंल. मग हुईल गप."

"दोन वर्सांनी बघिटली तर मामा म्हणंल मला." पुन्हा हसला, पण या वेळचं हसणं आप्पांना ऐकवलं नाही. "असू दे. आप्पांना म्हण, आता हेलपाटं मारू नगा. ह्या वयात बसनं येणं-जाणं, रांगेत उभं ऱ्हाणं. माझ्यापायी त्येंना त्रास नगो. न्हाय झालं तर न्हाय."

"आजचा दिवस थांब," रचना म्हणाली. "उद्या बोलू."

आप्पांना लाज वाटली. अशी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. रचना जन्मली तेव्हा ते खानापूरच्या पलीकडं जंगलपट्टीत एका नोटिशीसाठी अडकले होते. पोरीचं तोंड त्यांनी तिसऱ्या दिवशी पाहिलं आणि ते तीन दिवस त्यांना अजून टोचत होते. कोर्टानं तीन दिवस घेतले म्हणून आपण एवढे हळहळलो, आणि इथं आपण त्या पोराची दोन वर्षं पिशवीत घालून खुंटीला टांगली होती. वर तो आपल्याच पायांची काळजी करत होता.

रचना फोन घेऊन आत गेली. "आप्पा," मागून भावकूचा आवाज आला. तो घराला वळसा घालून परसात पोचला होता. "गंजीमागं काय करताय?"

आप्पा उठले. टोपीवरचं गवत झटकलं. "काय न्हाय. तू बरा आलास. पंच लागतोय एक. चल आत."

त्यांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला, टोपी नीट केली, खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली आणि पुढच्या दारातून बाहेर जाऊन परत आत आले. मालुबाई चुलीपुढून उठून आल्या, त्यांना दुसरी पंच म्हणून उभं केलं. रचना ओवीला मांडीवर घेऊन सोप्यात बसली होती. आप्पा तिच्यापुढं उभे राहिले आणि कोर्टात ज्या आवाजात पुकारा व्हायचा त्या आवाजात म्हणाले, "ओवी, वडील आदर्श, वय दोन महिने, सध्या मुक्काम उचगाव, हजर हाय का?"

"हाय," रचना म्हणाली. "झोपलीया."

आप्पांनी दाखला काढून तिच्या हातात दिला. भावकू आ वासून बघत राहिला. मालुबाईंनी कागदावरची तारीख विचारली आणि ती ऐकून नवऱ्याकडं असं पाहिलं की आप्पांनी नजर भिंतीकडं वळवली.

"रचना, चुकलं माझं," ते म्हणाले. आवाज आता पुकाऱ्याचा राहिला नव्हता. "सात दिस झालं आलाय त्यो. ही पोरगी जाणार हे काय सोसंना. म्हणून दडवला."

"ठावं हाय मला," रचना म्हणाली. "चौथ्या दिवशी बघिटला. ओवीच्या टोपीला सेफ्टी पिन हुडकत हुते, तुमच्या पिशवीत असत्यात म्हणून हात घातला."

"मग बोलली न्हाईस ती?"

"तुमीच सांगता की, धावू नगा, आठवा दिवस मोजा. मोजत हुते. आज आला." ती ओवीच्या टोपीची नाडी सारखी करत राहिली. नाडी सारखीच होती. "न्हाय आला असतासा तर उद्या माझी मीच पाठवणार हुते. आन खरं सांगू आप्पा, मलाबी चार दिस पायजेच हुते हितले."

भावकूनं फोन काढला, दाखल्याचा नीट फोटो घेतला, एकदा हलला म्हणून दुसरा घेतला, आणि मस्कतला धाडला. तिकडून रचनाच्या फोनवर आदर्शचं काय उत्तर आलं ते तिनं वाचलं आणि कुणाला न दाखवता फोन पदराखाली घेतला.

"आप्पा, शेरा लिवा की," ती डोळे पुसून म्हणाली. "शेऱ्याबगार बजावणी पुरी न्हाय हुईत."

पिशवीच्या तळाशी बजावणीच्या अहवालाचा एक जुना कोरा कागद होता. आप्पा तिच्याशेजारी जमिनीवर बसले. सही येत नाही त्याचा अंगठा घ्यायचा हा नियम, म्हणून त्यांनी ओवीच्या मुठीकडं डावा हात नेला. मग उजव्या हातानं कागद मांडीवर घेतला. एकतीस वर्षं त्यांनी अहवाल कन्नडमध्ये लिहिले होते. हा कोर्टात जायचा नव्हता, म्हणून मराठीत लिहिला.

'तारीख २३ डिसेंबर. उचगाव मुक्कामी दोन पंचांसमक्ष दाखला बजावला. सात दिवसांच्या विलंबास बेलीफ स्वतः जबाबदार आहे. ओवी घरी हजर होती. सही येत नाही म्हणून अंगठा घ्यायला गेलो असता तिने माझे बोट धरले आहे. सुटल्यावर पुढचा अहवाल देईन.'